एका खोलीची परवानगी

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज म्हणून गेले. बांधलेले घर वाढवून पाहावे, असे मात्र ते म्हणाले नाहीत. कारण तो प्रसंग त्यांच्या काळी इतका बिकट नव्हता. कुटुंब वाढले की वाड्याच्या मागल्या अंगास आणखी दोन खण चढत, माडीवर माळवद पडे, आणि सुतार-गवंडी यांच्याशी बोलणे झाले म्हणजे काम सुरू होई. आज शहरातील मध्यमवर्गीय गृहस्थास आपल्या स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने, एक खोली वाढवावयाची झाली तर गवंड्यास बोलावण्यापूर्वी त्याला अनेक दारे ठोठावावी लागतात. आणि त्यांपैकी कोणते दार कधी उघडेल हे त्याला कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मोठमोठे रस्ते, पूल व मेट्रो यांची चर्चा चालू असताना एका खोलीची कथा ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु शासनाशी सामान्य नागरिकाचा जो प्रत्यक्ष संबंध येतो तो अशाच लहान कामांतून येतो, आणि कायद्याविषयीचा आदर त्याच्या मनात रुजतो किंवा मरतो तोही येथेच. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही आज अग्रस्थानी करीत आहोत.

प्रथम गरज कोणाची आहे ते पाहू. पुण्याचेच उदाहरण घेऊ. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्यानंतर विस्थापितांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळच्या निकडीत जी लहान घरे मिळाली, त्यांत आज तिसरी आणि चौथी पिढी नांदत आहे. जुन्या गृहरचना संस्थांतील बंगल्यांची कथाही निराळी नाही. मुलाचे लग्न ठरले आहे, नवदांपत्यास स्वतंत्र खोली हवी. वृद्ध आईस जिना चढवत नाही, तिच्यासाठी तळमजल्यावर न्हाणीघर व शौचकूप हवे. मुलीची बारावीची परीक्षा आहे, तिला दार लावून बसता येईल असा कोपरा हवा. यांत चैन नाही, नफेखोरी तर मुळीच नाही. नवी मुंबईच्या परिसरातील प्रकल्पग्रस्तांच्या बांधकामांच्या वादातून मराठीत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असा एक शब्दप्रयोगच रूढ झाला. त्या वादाचे स्वरूप वेगळे असले, तरी त्या शब्दातील सत्य शहरोशहरी लागू पडते. घर गरजेपोटी वाढते. आणि गरज ही शासकीय मुदतीची वाट पाहत थांबत नसते.

तर मग परवानगी हवीच कशाला, असा प्रश्न त्रासलेला माणूस विचारतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे : परवानगी हवीच. ज्यांना बांधकामाचे नियम म्हणजे नोकरशाहीची लहर वाटते त्यांनी या नियमांचा जन्म कोठे झाला ते आठवावे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी त्याने पुणे गाठले. चाळींच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे कशी मेली हे पाहिल्यानंतर 1898 साली मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले, आणि त्याच मंडळाच्या कार्यातून उजेडाचा तो प्रसिद्ध 63.5 अंशांचा नियम रूढ झाला. खोलीच्या खिडकीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले असता दृष्टिरेषा त्याहून अधिक चढी होऊ नये, म्हणजेच दोन इमारतींत उंचीच्या साधारण निम्मे तरी अंतर असावे, असा त्याचा अर्थ. आज नकाशावर ज्याला आपण सामासिक अंतर म्हणतो आणि ज्याच्या चार-दोन फुटांसाठी इतका जीव टाकतो, त्या मोकळ्या पट्टीमागे हजारो माणसांचे मरण उभे आहे.

हे झाले उजेडाचे आणि हवेचे. भाराचे काय? 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर येथील ‘साईदर्शन’ ही चार मजली इमारत कोसळली व 17 माणसे दगावली. तिच्या तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्या कामात इमारतीचा भार वाहणारे खांब दुबळे करण्यात आले, असा आरोप होऊन गुन्हा नोंदविला गेला. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे विनापरवाना उठविलेली इमारत पडली आणि 74 जीव गेले. घर माझे असले तरी त्याच्या भिंतीखाली केवळ मीच सापडतो असे नाही. शेजाऱ्याचा उजेड, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा जीव, गल्लीतून जाणाऱ्या अग्निशामक बंबाची वाट, भूमिगत गटाराची क्षमता, या सर्वांचा संबंध माझ्या एका खोलीशी येतो. म्हणूनच समाजाने नगरपालिकेच्या हाती लेखणी दिली आहे. ती लेखणी काढून घ्यावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ती चालावी कशी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा 1966 सालचा. घराच्या केवळ अंतर्भागापुरत्या, किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणाऱ्या देखभाल-दुरुस्तीस त्याच्या 43व्या कलमाने परवानगीतून सूट दिली आहे. गिलावा, रंग, फरशी यांसाठी कोणी अर्ज करावयाचा नसतो. परंतु क्षेत्र वाढवावयाचे, मजला चढवावयाचा किंवा घराच्या सांगाड्यास हात लावावयाचा म्हटले की अर्ज आला. तो अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता यांच्यामार्फत जातो. त्यासोबत मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा उतारा, मोजणीचा नकाशा, मूळ मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र, कर थकलेला नसल्याचा दाखला, संरचना अभियंत्याचा निर्वाळा आणि, गृहरचना संस्था असल्यास, तिची संमती जोडावयाची. छाननी झाली, विकास शुल्क भरले, की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळावयाचे. काम पुरे झाले की भोगवटा प्रमाणपत्र. कागदावर ही वाट सरळ आहे. तिच्यात एकही पायरी निरर्थक आहे असे आम्हांस वाटत नाही.

पण पाऊल टाकताच वाट वळणे घेऊ लागते. पहिले वळण जुन्या कागदांचे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या घराचा मंजूर नकाशा मालकाच्या पेटीत नसतो. पुष्कळदा तो कचेरीच्या दप्तरातही सापडत नाही. मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव असते, आणि वारसांपैकी एक नाशिकला, एक परदेशी, तिसऱ्याचे पहिल्याशी बोलणे नाही. मूळ घर आणि मूळ नकाशा यांत कोठेतरी दोन फुटांची तफावत निघते आणि नव्या खोलीचा प्रश्न बाजूस राहून आजोबांच्या ओसरीची चौकशी सुरू होते. जो नियम उद्याच्या बांधकामासाठी आहे तो कालच्या त्रुटींत असा अडकून पडतो.

दुसरे वळण मुदतीचे, आणि तेच आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच अधिनियमाच्या 45व्या कलमान्वये 60 दिवसांत निर्णय कळविला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. हिला ‘मानीव परवानगी’ म्हणतात. वाचणाऱ्यास वाटावे की नागरिकाच्या हाती केवढे शस्त्र दिले! परंतु कलम पूर्ण वाचले पाहिजे. कचेरीने काही विचारणा केली असेल तर तिचे उत्तर पोचल्याच्या दिवसापासून 60 दिवस मोजावयाचे, आणि दोहोंपैकी जी तारीख उशिराची ती धरावयाची. म्हणजे 55व्या दिवशी ‘मोजणीचा नकाशा अद्ययावत जोडावा’ अशी एक ओळ धाडली की घड्याळाचा काटा पुन्हा शून्यावर. उत्तर दिले, आणखी 55 दिवस गेले, मग ‘वारसांची संमतिपत्रे जोडावीत’. कायद्याच्या अक्षरास धक्का न लावता कायद्याचा आत्मा असा सुखेनैव मारता येतो. शिवाय मानीव परवानगी खरी केव्हा? तर बांधकाम सर्व नियमांशी तंतोतंत जुळत असेल तेव्हाच. ते जुळते की नाही हे ठरविणार कोण? तीच कचेरी. मग ज्या परवानगीचा कागद नाही आणि जी उद्या नाकारली जाऊ शकते, तिच्या भरवशावर कर्ज काढून वीट रचण्याचे धाडस कोणता संसारी माणूस करील?

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तोपर्यंत गावोगावचे नियम निराळे होते. एका शहरात जे चालते ते शेजारच्या शहरात गुन्हा ठरे. तो गोंधळ पुष्कळ अंशी संपला. लहान भूखंडांचा विचारही त्या नियमावलीत केलेला आहे : 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारकाने प्रमाणित केलेला नकाशा सादर करून शुल्क भरले की ती पावती हीच परवानगी, आणि 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत 10 दिवसांत निर्णय, अशी त्यामागची योजना. अर्ज संगणकावर स्वीकारले जाऊ लागले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ही सवलत ज्याच्या भूखंडाचे कागद चोख आहेत त्यास खरी उपयोगी. ज्याचे घर जुने, कागद अपुरे आणि गरज तातडीची, तो या सुधारलेल्या दारातूनही आत जाऊ शकत नाही. आणि गरजू बहुतेक तोच असतो. संगणकाने कागदाचा प्रवास वेगवान केला हे खरे; पण सही करणाऱ्या हाताचा संकोच, किंवा त्या हाताची अपेक्षा, संगणक दूर करू शकत नाही.

आता दोन शेजारी डोळ्यांसमोर आणावेत. एकाने रीतसर अर्ज केला, वास्तुविशारदाचे शुल्क दिले, वर्षभर खेटे घातले. त्याची खोली अद्याप कागदावर आहे. दुसऱ्याने कोणासही न विचारता दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब ओतला. त्याच्या खोलीत नातवंडे खेळत आहेत. पुढे काय होते? 2001 साली गुंठेवारी विकासांच्या नियमितीकरणाचा कायदा झाला. 2021 साली त्याची मुदतरेषा पुढे सरकवून ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणण्यात आली. 2017 साली नगररचना अधिनियमात नवे कलम घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामे ठराविक अटींवर व दंड घेऊन नियमित करण्याची सोय झाली. या प्रत्येक निर्णयामागे काही मानवी कारण होते हे आम्ही नाकारीत नाही. राहती घरे पाडून लाखो लोकांस रस्त्यावर आणणे हा उपाय नव्हे. परंतु या निर्णयांची मालिका एकत्र पाहिली म्हणजे नागरिकाच्या मनावर जो धडा ठसतो तो असा, की विचारणारा मूर्ख आणि न विचारणारा शहाणा. मुदतीची रेषा एकदा ओढली की ती पुन्हा पुढे सरकणार, हे आता सर्वांस पाठ झाले आहे.

आणि आता हा हिशेबही धोक्याचा झाला आहे. 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील मेरठच्या एका प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की अनधिकृत बांधकाम केवळ काळ लोटला म्हणून, पैसा ओतला म्हणून किंवा अधिकारी स्वस्थ बसले म्हणून कायदेशीर होत नाही. भोगवटा प्रमाणपत्राविना वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत, बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे, आणि कर्तव्यच्युत अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे निर्देशही दिले. निकाल योग्यच आहे. पण त्याचा परिणाम ध्यानी घेतला पाहिजे. मागचे दार न्यायालयाने बंद केले. पुढचे दार जर कचेरीने उघडलेच नाही, तर मधल्या बोळात उभ्या असलेल्या माणसाने जावे कोठे? बेकायदा मार्ग कठोरपणे रोखण्याचा नैतिक अधिकार त्याच शासनास पोचतो, ज्याने कायदेशीर मार्ग चालण्याजोगा ठेवला आहे.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. त्यांसाठी नवे खाते, नवी समिती किंवा नवा निधी लागत नाही.

पहिली सूचना : सर्व हरकती एकाच पत्रात, आणि त्याही अर्ज आल्यापासून 15 दिवसांत कळविल्या जाव्यात. त्या पत्रात जी त्रुटी दाखविली नाही ती पुढे काढण्यास, सुरक्षिततेचा प्रश्न वगळता, मज्जाव असावा. हा शिष्टाचार नव्हे, तर बंधनकारक दंडक व्हावा. एवढा एक बदल झाला तरी 60 दिवसांच्या कलमात प्राण येईल.

दुसरी : मुदत उलटली की मानीव परवानगीचा कागद संगणकाने आपोआप द्यावा, आणि तो खोटा ठरवावयाचा असेल तर ठराविक दिवसांत, कारणे लिहून, ठरवावा. नागरिकास अनिश्चिततेत टांगून ठेवण्याचा हक्क कोणासही नाही.

तिसरी : स्वतःच्या राहत्या घरातील लहान वाढीसाठी, म्हणजे एखादी खोली, न्हाणीघर, वृद्धांसाठी उतार किंवा उद्वाहक यांसाठी, प्रत्येक प्रभाग कार्यालयात निराळी खिडकी असावी. जेथे मूळ नकाशा दप्तरातून हरवला आहे तेथे परवानाधारक अभियंत्याने प्रत्यक्ष मोजून केलेला आराखडा प्रमाण मानला जावा. कचेरीने गहाळ केलेल्या कागदाचा दंड नागरिकाने भरावा, हा कोणत्या शास्त्रातील न्याय?

चौथी : प्रत्येक अर्ज कोणत्या दिवशी आला, कोणाच्या मेजावर किती दिवस आहे, याचा तक्ता सर्वांस पाहता येईल असा असावा. 2015 सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद केली आहे. तिचा उपयोग झाल्याचे उदाहरण सामान्य माणसाच्या कानी येऊ द्यावे. धाक पुस्तकात राहून चालत नाही.

पाचवी सूचना शासनाच्या सर्वोच्च स्तरासाठी : नियमितीकरणाची आणखी एक तारीख आता जाहीर करू नये. निवडणुकीच्या तोंडावर तर मुळीच नको. जो दयाभाव वारंवार दाखविला जातो तो शेवटी प्रामाणिक माणसावरील क्रौर्य ठरतो.

शासनास इतके सांगितल्यावर आमच्या वाचकांसही दोन शब्द ऐकविणे आम्हांस प्राप्त आहे. सुशिक्षित मध्यमवर्ग झोपडीच्या अतिक्रमणाविषयी तावातावाने बोलतो. परंतु त्याच्याच सदनिकेचा सज्जा काचा लावून खोलीत सामावून घेतलेला असतो, पार्किंगच्या जागेत सामानाची खोली उभी असते आणि स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी एक भिंत ‘नुसतीच’ काढलेली असते. ती भिंत नुसती होती की भार वाहणारी, हे मिस्त्रीस विचारलेले असते, अभियंत्यास नव्हे. फरशीवर व दिव्यांवर लाखो रुपये खर्च करणारा गृहस्थ संरचना अभियंत्याच्या शुल्काशी मात्र घासाघीस करतो. आणि काम लवकर व्हावे म्हणून कोणाच्या तरी हाती पाकीट ठेवून वर ‘व्यवस्थाच सडली आहे’ असे उद्गार काढणाराही आपल्यापैकीच असतो. परवानगी नाकारली गेली तर 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते, विलंब झाला तर लोकसेवा हक्काखाली दाद मागता येते. हे मार्ग कंटाळवाणे आहेत, पण ते न वापरता केवळ कुरकुरणे हेही पुरुषार्थाचे लक्षण नव्हे. गृहरचना संस्थांनी आपल्या इमारतींचे मंजूर नकाशे व भोगवटा प्रमाणपत्रे यांच्या प्रती आजच मिळवून जपून ठेवल्या, तर पुढील पिढीचे निम्मे खेटे वाचतील.

परवानगी ही मूलतः एक साधी, सभ्य देवघेव आहे. नागरिक म्हणतो : मला हे बांधावयाचे आहे, यात कोणास अपाय तर होणार नाही ना? नगर म्हणते : पाहून सांगतो. त्या देवघेवीत नागरिकाने खरे बोलावे आणि नगराने वेळेवर बोलावे, एवढ्या दोनच अटी आहेत. पहिली अट मोडणाऱ्यास शिक्षा आहे. 1966च्या अधिनियमात त्यासाठी तुरुंगवासही सांगितला आहे. दुसरी अट मोडणाऱ्यास आजवर बहुधा बढतीच मिळाली. हे पारडे समतोल करावयाचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. महापालिकांनी व राज्याच्या नगरविकास खात्याने निदान एकच हरकतपत्र आणि 15 दिवसांची मुदत, एवढी सुधारणा येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी अमलात आणावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. तेवढे झाले, तर रीतसर अर्ज करणारा माणूस आपल्या शेजाऱ्यापुढे मूर्ख ठरणार नाही. आणि कोणत्याही नगराच्या पायाशी याहून मजबूत चिरा बसविता येत नाही.